ओळखीची गोळी, विचारून द्यावी



भातलावणीच्या दिवसांत पाड्यांवर ताप आणि कंबरदुखी घरोघरी असते. भेटीला गेलेल्या आपल्यापैकी कुणाच्या तरी पिशवीत आयबुप्रोफेनची गोळी असतेच. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण गोळीला हेतू कळत नाही. म्हणून तिची नीट ओळख करून घेऊ.

ती काय करते? दुखणे, सूज व ताप आणणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये ती शरीरात कमी करते. परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवतात. त्यामुळे ही गोळी वारंवार घेतल्यास पोटात व्रण होऊ शकतो. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले असेल, तर मूत्रपिंडाला धोका पोहोचतो.

किती घ्यावी? प्रौढांनी एका वेळी 200 ते 400 मिलिग्रॅम, काही खाऊन, भरपूर पाण्याबरोबर. दोन मात्रांत निदान 6 तासांचे अंतर ठेवावे. डॉक्टरांना न विचारता दिवसात 1200 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. मुलांची मात्रा वजनावर ठरते. ती डॉक्टरांनीच सांगावी. काही गोळ्यांत आयबुप्रोफेनबरोबर पॅरासिटामॉलही असते. वरून आणखी पॅरासिटामॉल दिले तर मात्रा नकळत वाढते. पाकिटावरचे नाव वाचा.

कोणाला देऊ नये? गरोदर बहिणींना, पोटात व्रण, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांना, वेदनाशामक गोळीने दमा उसळणाऱ्यांना, रक्त पातळ करणारी किंवा रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांना आणि दारू घेणाऱ्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. सिकलसेलच्या रुग्णांच्या मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. त्यांच्याबाबतही हाच नियम.

तापात विशेष सावध राहा. तो डेंग्यू असेल तर या गोळीने रक्तस्रावाचा धोका वाढतो. हिवताप असेल तर अंग थंड होते, पण रोग आतच राहतो. घरच्यांना बरे वाटले असे वाटते आणि उपचाराचा वेळ निघून जातो. म्हणून आधी आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. तोवर योग्य मात्रेत पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी द्या.

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, लघवी कमी होणे, चेहऱ्यावर सूज किंवा धाप यांपैकी काहीही दिसले तर गोळी थांबवा आणि 108 क्रमांकावर गाडी बोलवा.

औषधपेटीत दान देणाऱ्यांनाही एक विनंती. घरात उरलेल्या सुट्या गोळ्या पाठवू नका. नाव आणि मुदत नसलेली गोळी कुणालाच देता येत नाही. नावाची खात्री करण्याचे कारणही आहे : याच जातीचे निमेसुलाइड हे औषध 12 वर्षांखालील मुलांना देण्यास भारतात 2011 पासून मनाई आहे.

पुढच्या भेटीत पिशवी उघडण्यापूर्वी चार प्रश्न विचारा : ताप आहे का? काही खाल्ले का? दुसरे कोणते औषध चालू आहे? दिवस गेले आहेत का? उत्तरे ऐकूनच हात पिशवीत घाला.