गळाची मोडकी काठी : दुरुस्त करावी की नवी घ्यावी?

मावळ तालुका पाण्याने समृद्ध आहे. कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी, पवना व आंध्रा या नद्या, तसेच वळवण, शिरवटा, ठोकरवाडी व पवना हे जलाशय यांच्या काठी भातशेतीस पूरक म्हणून गळाने मासे धरणारी कुटुंबे आहेत. गळाची काठी हे या कुटुंबांचे एक अवजारच होय. ऐन दिवसांत ती मोडली म्हणजे घरची कालवणाची सोय व चार पैशांची मिळकत दोन्ही थांबतात. अशा वेळी घाईने नवी काठी घेणे किंवा मोडकी कशीतरी बांधून वापरणे, या दोन्ही गोष्टी नुकसानीच्या ठरतात.

प्रथम मोड तपासावी

काठी कोठे मोडली यावर निर्णय अवलंबून असतो. शेंड्याकडील भाग अधिक वाकतो. परंतु मोठ्या माशाचा ताण मुठीच्या वरील भागावर सर्वांत जास्त येतो. म्हणून शेंड्याची मोड किरकोळ, मधली मोड विचार करण्याजोगी व बुडख्याकडील मोड गंभीर समजावी.

फायबरग्लासच्या काठीवर पांढरट रेघ किंवा डाग दिसल्यास आतील तंतू तुटू लागले आहेत असे जाणावे. काठी हळूहळू वाकवून कान द्यावा. करकर आवाज आल्यास ती भागात कमकुवत झाली आहे. कड्यांच्या आतून कापूस फिरवावा. कापूस अडकल्यास कडीला चीर आहे व ती तंगूस कापते. पुष्कळदा मासा सुटण्याचे कारण काठी नसून अशी कडीच असते. कडी बदलण्यास खर्च अल्प येतो.

दुरुस्ती केव्हा करावी

१. शेंडा चार-सहा बोटे तुटला असल्यास टोक सरळ कापून, घासून, नवी टोककडी एपॉक्सी डिंकाने बसवावी. काठी थोडी ताठ होते, पण कामास येते.

२. पोकळ फायबरग्लासची काठी मधोमध तुटल्यास जुन्या काठीचा भरीव, निमुळता तुकडा आत बसवावा. तो मोडीच्या दोन्ही बाजूंस ८ ते १० सें.मी. गेला पाहिजे. वरून मजबूत दोरा जवळजवळ गुंडाळून डिंक लावावा व पूर्ण एक दिवस वाळू द्यावा. घासताना उडणारी भुकटी नाकातोंडात जाऊ नये म्हणून तो भाग ओला ठेवावा व तोंडाला फडके बांधावे.

३. बांबूच्या काठीस उभी चीर गेली असल्यास दोरा गुंडाळून वार्निश द्यावे. आडवी मोड मात्र सांधू नये. तुटलेले तंतू पुन्हा भार घेत नाहीत.

दुरुस्तीनंतर तंगुसाला अर्धा लिटर पाण्याची बाटली बांधून काठी सावकाश उचलावी. सांध्याजवळ आवाज किंवा कोन दिसल्यास ती काठी मोठ्या माशासाठी वापरू नये.

खर्चाचा हिशेब

केवळ किंमत न पाहता दर हंगामास किती खर्च पडतो ते पाहावे. समजा, नवी काठी ९०० रुपयांची असून तीन हंगाम टिकेल. म्हणजे हंगामास ३०० रुपये पडले. दुरुस्तीस मजुरी धरून २०० रुपये लागत असून काठी एक हंगाम चालणार असेल, तर दुरुस्ती करावी. तीच दुरुस्ती ३५० रुपयांची असल्यास नवी घेणे शहाणपणाचे. एकाच काठीस दुसरा सांधा देण्याची वेळ आली, तर ती मोडीत काढावी.

घरची बांबूची काठी

बांधावर मेस किंवा मानवेल असल्यास नवी काठी जवळजवळ फुकट मिळते. सन २०१७ च्या कायदेदुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरील बांबू 'वृक्ष' या व्याख्येत मोडत नाही. भातकापणीनंतर तीन वर्षांचा, सरळ व जवळ पेरांचा बांबू तोडावा. पावसाळ्यातील कोवळा घेऊ नये. दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवल्यास त्यातील पिष्ट कमी होते व पोखरणारे भुंगेरे कमी लागतात. नंतर सावलीत उभा वाळवावा. दरवर्षी अशा दोन काठ्या तयार ठेवल्यास अडचण येत नाही.

दक्षता

कार्बनच्या काठीतून वीज वाहते. विजेच्या तारांखाली व कडकडाट चालू असता ती कदापि उचलू नये. ओली बांबूची काठीही सुरक्षित नाही. तुटलेला तंगूस व गळ काठावर टाकू नयेत. चरणारी गुरे ते गिळतात व पाणपक्षी त्यात अडकतात. ठेक्याच्या किंवा कंपनीच्या जलाशयात परवानगीवाचून गळ टाकू नये. पावसाळ्यात मासे अंडी घालण्यास चढतात, तेव्हा गळ बंद ठेवावा. कर्नल साइक्स यांनी सन १८३९ मध्ये मुळा-मुठेच्या पाण्यातून नोंदविलेला दख्खनचा महासीर याच खोऱ्यातील आहे. त्याची पैदास राखणे हे पुढील वर्षांची मासळी राखणेच होय.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी काठावरील गावांत उन्हाळ्याच्या आरंभी एक दिवस मोडक्या काठ्या एकत्र आणवून वरील तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. डिंक, दोरा व कड्या सामाईक आणल्यास प्रत्येकाचा खर्च कमी पडेल, आणि कोणती काठी टाकावयाची हेही चारचौघांत ठरेल.