सीमेवरचे प्रकाशगोल

‘उडती तबकडी’ म्हटले की परग्रहावरून आलेल्या यानाचे चित्र मनापुढे उभे राहते. शासकीय दफ्तरात मात्र अशा प्रकरणाची नोंद ‘अनोळखी उडती वस्तू’ एवढीच होते. अनोळखी म्हणजे पाहणाऱ्याला ओळखता न आलेली, अद्भुत नव्हे. हा भेद ध्यानात ठेवला, तर अशा प्रकरणांची चौकशी कोणत्या मार्गाने करावी हे समजणे सोपे जाते.

ऑगस्ट २०१२ पासून लडाखमधील पँगाँग सरोवराच्या परिसरात पहाऱ्यावरील जवानांना पिवळसर प्रकाशगोल दिसू लागले. चीनच्या बाजूच्या क्षितिजावरून ते वर येत, तीन ते पाच तास आकाशातून संथपणे सरकत आणि मग दिसेनासे होत. फेब्रुवारी २०१३ पर्यंत अशा ३२९ नोंदी झाल्या. त्यांपैकी १५५ वेळा प्रत्यक्ष नियंत्रण रेषेचे उल्लंघन झाले, असे सेनेने मानले. अहवाल दिल्लीतील मुख्यालयांपर्यंत पोहोचले. पलीकडून टेहळणीसाठी चालकरहित विमाने येत आहेत काय, ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. याच सीमेवर १९६२ मध्ये युद्ध झाले होते. येथे चुकीच्या निष्कर्षाची किंमत फार मोठी ठरली असती.

सरोवराजवळ फिरते रडार आणण्यात आले. वस्तू डोळ्यांना दिसत होती, पण रडारला तिचा मागमूस लागला नाही. त्यामुळे गूढ वाढल्यासारखे वाटले. वस्तुतः रडारचा पल्ला मर्यादित असतो. वस्तू त्यापलीकडे असू शकते, हाही या पुराव्याचा एक अर्थ होता.

बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे हा प्रश्न गेला, तेव्हा तिच्यापुढे एवढेच काम होते: वस्तू पृथ्वीवरील की आकाशस्थ, हे ठरविणे. त्यासाठी तिची गती ताऱ्यांच्या संदर्भात पाहणे आवश्यक होते. विमान काही मिनिटांत एका तारकासमूहातून दुसऱ्यात जाते. ग्रह मात्र रात्रभर ताऱ्यांच्या सोबतीनेच सरकतो. या कसोटीवर ते प्रकाशगोल शुक्र आणि गुरू ठरले. जुलै २०१३ मध्ये ही हकिकत वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली.

मग ‘घुसखोरी’ कोणी केली? पृथ्वीच्या परिवलनाने! त्यामुळे आकाश तासाला सुमारे १५ अंश पश्चिमेकडे सरकल्यासारखे दिसते. चीनची हद्द पूर्वेस असल्याने उगवणारा प्रत्येक ग्रह पलीकडून अलीकडे आल्याचा भास होणारच. गुरू ३ डिसेंबर २०१२ रोजी प्रतियुतीत, म्हणजे सूर्याच्या समोरच्या दिशेस होता; त्या सुमारास तो जवळजवळ रात्रभर दिसे. शुक्र पहाटे पूर्वेस तळपत होता. सरोवर ४,२०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत ग्रह अधिक तेजस्वी भासतात. शिवाय काळोखातील बिंदूचे अंतर डोळ्याला कळत नाही. दहा किलोमीटरवरील दिवा आणि साठ कोटी किलोमीटरवरील गुरू दोन्ही सारखेच वाटू शकतात. एकटक पाहत राहिल्यास स्थिर बिंदूही हलताना दिसतो.

इतरत्रही असाच अनुभव आला आहे. अमेरिकेच्या हवाई दलाने १९६९ मध्ये आपली चौकशी बंद केली, तेव्हा १२,६१८ प्रकरणांपैकी ७०१ अनिर्णित राहिली होती. उरलेल्यांचा उलगडा ग्रह, तारे, विमाने, फुगे अशा परिचित कारणांनी झाला होता. अनिर्णित म्हणजे परग्रहावरील, असा अर्थ मात्र होत नाही. बहुधा पुरेशी माहितीच हाती नसते.

वाचकाला हा प्रयोग दिल्लीतील गच्चीवरूनही करता येईल. तेजस्वी बिंदू दिसताच वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची टिपावी. जवळचा तारा हेरून तासाभराने पुन्हा पाहावे. लडाखच्या जवानांना बिंदू ओळखता आला नाही, तरी त्यांनी नोंदी चिकाटीने ठेवल्या होत्या. अशा नोंदी नसतील, तर शास्त्रज्ञांपाशी तपासण्यासारखे काहीच उरत नाही.