अभ्रकाचे पापुद्रे आणि धरणाचा पाया

सिव्हिलच्या सिलॅबसमधला जिऑलॉजी हा विषय आपल्यापैकी बरेचजण पासिंगपुरताच वाचतात. पण त्यातलं अभ्रक हे खनिज मला फार महत्त्वाचं वाटतं. जुन्या इस्त्रीच्या एलिमेंटमध्ये असतं तेच हे अभ्रक. त्याचे अणू थरांमध्ये रचलेले असतात आणि थरांमधले बंध कमजोर असतात. त्यामुळे नखानेही त्याचे पापुद्रे सुटतात. खडक दाबला जाताना या पापुद्र्यांचं काय होतं, ते तीन पायऱ्यांत पाहू.

१) रांगेत येणे : गाळापासून बनलेला शेल खोलवर दाबला आणि तापला, की चिकणमातीतल्या खनिजांचं बारीक अभ्रक बनतं. पापुद्रे दाबाच्या दिशेला काटकोनात रचले जातात. हा झाला पाटीचा दगड. अभ्रक आणखी वाढलं की रेशमी चमकेचा फिलाइट, आणि कण नुसत्या डोळ्यांनी दिसू लागले की शिस्ट.

२) चुण्या पडणे : दाब चालूच राहिला किंवा त्याची दिशा बदलली, तर पापुद्रे एकमेकांवरून घसरतात, वाकतात. चुणीच्या बाजूंवरचा क्वार्ट्झ पाण्यात विरघळून निघून जातो, अभ्रक मात्र मागे उरतं. म्हणजे खडकात कमजोरीची दुसरी दिशा तयार होते.

३) मासे होणे : खडकाचा एक भाग दुसऱ्यावरून सरकला, की अभ्रकाचे मोठे कण ओढले जाऊन त्यांना शेपट्या फुटतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते चक्क माशासारखे दिसतात. त्यांच्या कलावरून खडक कुठल्या बाजूला सरकला ते कळतं.

आता याचा इंजिनीअरला उपयोग काय? फ्रान्समधलं मालपासे हे ६६ मीटर उंचीचं आर्च धरण २ डिसेंबर १९५९ च्या रात्री फुटलं आणि ४२३ माणसं गेली. काँक्रीट उत्तम होतं. पाया होता अभ्रकयुक्त नाइस खडकाचा. डाव्या तीरावर धरणाचा रेटा पापुद्र्यांना जवळपास समांतर पडत होता. त्या रेट्याने भेगा मिटल्या, आत झिरपणारं पाणी अडलं, त्याचा दाब वाढला आणि खाली असलेल्या फॉल्टवरून खडकाची अख्खी पाचरच सरकली.

सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये असे पापुद्रे नसल्यामुळे आपल्याला ही सवय नसते. पण भंडारा-गोंदियात, गोव्यात आणि हिमालयातल्या बोगद्यांत फिलाइट, शिस्ट भेटतातच. लोडच्या दिशेशी पापुद्रे साधारण ३० अंशांत असले, की नमुना सर्वांत कमी लोडला तुटतो. तोच खडक, फक्त दिशा वेगळी!

म्हणून टेस्ट रिपोर्टमध्ये नुसता स्ट्रेंग्थचा आकडा पाहून सही करू नका. तो कुठल्या दिशेने लोड देऊन काढला, ते आधी विचारा. साइटवर पापुद्र्यांचा स्ट्राइक आणि डिप स्वतः मोजा. कंपास आणि अर्धा तास, एवढंच लागतं.