झऱ्याचे पाणी : प्यायचे कुठे आणि पोहायचे कुठे?

(इयत्ता चौथी, जि. प. प्राथमिक शाळा, पिरंगुट, ता. मुळशी)



आपण पिरंगुटचे लोक नळाचे पाणी पितो. माझ्या मामाच्या वाडीत लोक झऱ्याचे पाणी पितात. ही वाडी मुळशी धरणाच्या पुढे, ताम्हिणीच्या बाजूला डोंगरात आहे. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे गेले होते. तिथे मी झरा पाहिला, त्याचे पाणी मोजले आणि पोहायलाही शिकले. त्याची माहिती मी या लेखात देत आहे.

झरा म्हणजे काय?

जमिनीच्या पोटातले पाणी आपोआप बाहेर येते त्याला झरा म्हणतात. ओढ्याचे पाणी जमिनीवरून वाहते. झऱ्याचे पाणी आधी जमिनीत मुरते आणि मग बाहेर येते. हा दोघांतला फरक आहे.

आपला सह्याद्री ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा बनलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले. काही थरांत हवेचे बुडबुडे अडकून राहिले, म्हणून त्या दगडाला भोके असतात. काही थर मात्र घट्ट काळ्या कातळाचे आहेत. पावसाचे पाणी माती, भेगा आणि भोके यांतून खाली जाते. घट्ट कातळ लागला की त्याची वाट अडते. मग ते आडवे सरकत सरकत डोंगराच्या उतारावर बाहेर पडते. तोच झरा.

आम्ही वर्गात याचा प्रयोग केला. प्लास्टिकच्या बाटलीचे वरचे तोंड कापले. तळाला चिकणमाती दाबून बसवली. तिच्यावर खडी आणि वाळू भरली. चिकणमाती संपते आणि खडी सुरू होते तिथे बाजूला एक भोक पाडले. वरून एक पेला पाणी ओतले. पाणी भोकातून हळूहळू आले आणि ओतणे थांबवल्यावरही येतच राहिले. बाई म्हणाल्या, "पावसाळा संपल्यावर झरा का वाहतो, ते आता कळलं ना?"

मामाच्या वाडीचा झरा

हा झरा देवराईत आहे. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. तिथले झाड कोणी तोडत नाही, वाळलेली काटकीसुद्धा घरी आणत नाही. आपल्या मुळशी तालुक्यात अशा पुष्कळ देवराया आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या काळात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. झाडांच्या मुळांमुळे आणि पाल्यामुळे पाणी पळून जात नाही, जमिनीत मुरते. म्हणून देवराईत पुष्कळदा झरा सापडतो.

झऱ्याच्या तोंडाशी एक लहान दगडी कुंड आहे. ते भरले की पाणी खालच्या मोठ्या कुंडात पडते. तिथून ते ओढ्याला मिळते. वरच्या कुंडातले पाणी प्यायचे. खालच्या कुंडात पोहायचे आणि गुरांना पाणी पाजायचे. वाडीत हे कुठे लिहिलेले नाही, पण सगळे पाळतात. मी पहिल्या दिवशी आज्जीला विचारले, "वरच्या कुंडात पाय बुडवू का?" आज्जी म्हणाली, "न्हाय गं बाय, ते आपलं हंड्यातलं पाणी हाय."

झऱ्याचे माप

मामाकडे ५ लिटरचा डबा होता. झऱ्याखाली डबा धरायचा आणि किती सेकंदांत भरतो ते घड्याळात पाहायचे.

दिवाळीत डबा २५ सेकंदांत भरला. म्हणजे १ मिनिटात १२ लिटर. तासाला ७२० लिटर आणि दिवसाला १७,२८० लिटर.

मे महिन्यात तोच डबा भरायला १०० सेकंद लागले. म्हणजे १ मिनिटात ३ लिटर. तासाला १८० लिटर आणि दिवसाला ४,३२० लिटर.

जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी मिळावे असे धरले आहे. वाडीत १०० माणसे आहेत. म्हणजे रोज ५,५०० लिटर पाहिजे. दिवाळीत झरा त्याच्या तिप्पट पाणी देतो. मे महिन्यात मात्र १,१८० लिटर कमी पडते, आणि गुरांचे पाणी यात धरलेच नाही. म्हणून मे महिन्यात मामी पहाटे चारला हंडा घेऊन जाते. उशीर झाला तर थांबावे लागते.

त्याच महिन्यात काही पर्यटक तंबू घेऊन आले. त्यांनी वरच्या कुंडात साबण लावून आंघोळ केली. त्यांना तो नेहमीचा डोह वाटला असेल. वाडीच्या बायकांना सगळे कुंड उपसावे लागले. त्या कुंडात १६ हंडे पाणी मावते. एका हंड्यात १५ लिटर, म्हणजे २४० लिटर. मिनिटाला ३ लिटर या हिशोबाने कुंड पुन्हा भरायला ८० मिनिटे लागली. तेवढा वेळ बायका रिकामे हंडे घेऊन उन्हात बसल्या होत्या. दहा मिनिटांची आंघोळ वाडीला केवढ्याला पडली, ते यावरून समजते.

पाणी कधी गरम, कधी गार?

दिवाळीत सकाळी मला थंडी वाजत होती, पण झऱ्याचे पाणी कोमट लागले. मे महिन्यात तेच पाणी गारेगार लागले. खरे तर पाणी फारसे बदलत नाही. जमिनीच्या आत ऊन आणि थंडी लवकर पोचत नाही, म्हणून तिथले पाणी वर्षभर जवळजवळ सारखेच राहते. बदलते ती बाहेरची हवा.

पोहणे

मामाने मला दिवाळीत खालच्या कुंडात पोहायला शिकवले. पाणी मामाच्या छातीइतके होते. माझ्या पाठीला झाकण घट्ट लावलेला ५ लिटरचा रिकामा डबा दोरीने बांधला. ५ लिटर पाण्याचे वजन ५ किलो असते. डबा बुडायला लागला की तो तेवढे पाणी बाजूला सारतो आणि पाणी त्याला वर ढकलते. म्हणून माणूस तरंगतो. तरी डब्यावर भरवसा ठेवायचा नाही. दोरी सुटू शकते. मामा सगळा वेळ हाताच्या अंतरावर उभा होता. चौथ्या दिवशी मी डब्याशिवाय सात हात अंतर पोहले.

पोहण्याचे नियम असे :

१. मोठे माणूस पाण्यात असल्याशिवाय उतरू नये.
२. आधी काठीने खोली पाहावी. वरून उडी मारू नये. खाली दगड असतो.
३. शेवाळावर पाय देऊ नये.
४. पावसाळ्यात अजिबात उतरू नये.

चौथा नियम सर्वांत मोठा आहे. २५ जुलै २०२४ रोजी ताम्हिणीला २४ तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आपल्या दोन फूटपट्ट्या एकावर एक उभ्या केल्या तर जवळजवळ तेवढी उंची होते. इतके पाणी डोंगरावरून एकदम खाली येते. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वर पाऊस पडत असतो. जून २०२४ मध्ये ताम्हिणी घाटात कुंडात उडी मारलेला एक माणूस वाहून गेला. त्याच दिवसांत लोणावळ्याला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसे गेली.

कोणी बुडत असेल तर आपण मुलांनी मागे उडी मारायची नाही. ओरडायचे. दोरी, लांब काठी किंवा रिकामा डबा फेकायचा. मोठ्या माणसाला बोलवायचे आणि ११२ नंबरला फोन करायचा.

रानातला मुक्काम

दिवाळीत आम्ही एक रात्र देवराईच्या बाहेर कातळावर ताडपत्री बांधून राहिलो. ओढ्याच्या पात्रात झोपायचे नसते. सरपण आम्ही घरून नेले. तीन दगडांची चूल मांडली, पिठलं-भाकरी केली आणि निजायच्या आधी पाणी ओतून निखारे विझवले. उरलेले अन्न डब्यात बंद केले, कारण वासाने जनावर येते. रात्री भेकर भुंकले. मला आधी कुत्रेच वाटले. मामा म्हणाला, "भिऊ नगं पोरी, त्यानं आपल्याला बघितलंय, म्हणून वरडतंय." सकाळी घोंगडी झटकली आणि सगळा कचरा पिशवीत घालून परत आणला.

आपण काय करावे?

झरे डोंगरातच असतात असे नाही. पुण्याला जाताना बावधन लागते, तिथे वस्तीत झरा आहे आणि तो वाचवण्यासाठी तिथले लोक झटले. नसरापूरच्या बनेश्वरलाही रानात झऱ्याच्या पाण्याची कुंडे आहेत. झऱ्याच्या वरची झाडे तोडली, जमीन खणली किंवा सगळीकडे सिमेंट केले तर पाणी मुरणार कुठून? म्हणून झरा राखायचा तर त्याच्या वरचा डोंगर राखला पाहिजे. आणि पाहुणे म्हणून कुठल्याही झऱ्यावर गेलो तर पाण्यात उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचारावे, "पिण्याचं पाणी कुठलं?"

सांगा पाहू :

१. ५ लिटरचा डबा ५० सेकंदांत भरला तर झरा दिवसाला किती लिटर पाणी देईल?
२. ते पाणी रोज ५५ लिटरप्रमाणे किती माणसांना पुरेल?
३. तुमच्या आजोळी झरा आहे का? त्याचे पाणी मोजून आणा. आपण या भिंतीवर तक्ता लावू.