शंभराच्या नोटेवरची विहीर आणि आपल्या गावची बारव

ताईंनो, पुढच्या बैठकीत बचत गोळा करताना जांभळट रंगाची शंभराची नोट हातात आली की ती उलटी करून बघा. मागे नक्षीदार खांबांचे, पायऱ्यांचे बांधकाम दिसेल. देऊळ वाटते, पण ती विहीर आहे. गुजरातमधल्या पाटणची (आपल्या साताऱ्याचे पाटण नव्हे) 'राणी की वाव'. अकराव्या शतकात राणी उदयमतीने ती राजा भीमदेवाच्या स्मरणार्थ बांधली असे मानतात. सरस्वती नदीच्या पुराचा गाळ भरून ती शतकानुशतके बुजून गेली होती. पुरातत्त्व खात्याने गाळ उपसला, 2014 साली ती जागतिक वारसा यादीत गेली आणि 2018 साली नोटेवर आली.

अशा पायऱ्यांच्या विहिरीला आपण बारव म्हणतो. मराठवाड्यात तर गावोगाव बारवा आहेत. परभणी जिल्ह्यात वालूरला गोल फिरत खाली जाणाऱ्या पायऱ्यांची बारव आहे. साताऱ्याजवळ लिंब गावी 'बारा मोटांची विहीर' आहे. तिथल्या शिलालेखात वीरूबाई भोसले यांचे नाव कोरलेले आहे. म्हणजे ही विहीरही एका बाईनेच बांधवली. अहिल्याबाई होळकरांनी बांधलेल्या विहिरी, बारवा आणि घाट तर आपल्याला ठाऊकच आहेत.

बारवेची रचना समजून घ्या, कारण दुरुस्तीतली चूक इथेच होते. बऱ्याच बारवांचे दगड चुन्याशिवाय, एकात एक घट्ट बसवलेले असतात. त्या सांध्यांतून आजूबाजूच्या जमिनीतले पाणी झिरपून आत येते. पाणी उन्हाळ्यात खाली गेले तरी पायऱ्या उतरून घागर भरता येते, दोर-पोहरा लागत नाही. भिंतीतले कोनाडे म्हणजे देवळ्या, तिथे देव. काठाला शेंदूर लावलेल्या आसरा. बाळंतिणीची पाण्याची पूजा इथेच व्हायची. सासुरवाशिणीला घटकाभर मोकळे बोलायची जागाही हीच, खरे ना?

मग नळ आला, बोअर झाले आणि बारवेत निर्माल्य, प्लास्टिक, पडक्या घराची माती जायला लागली. आता काही गावांत उत्साहाने दुरुस्ती होते, पण सांध्यांत सिमेंट भरतात आणि वरून ऑइलपेंट मारतात. दिसते छान! पण सिमेंटने झिरपा बंद होतो, दगडातली ओल आतच कोंडते आणि रंगाखाली कोरीव अक्षरे बुजतात. आमच्या मते असल्या दुरुस्तीपेक्षा नुसती झाडलोट केलेली बारव शंभर पटींनी बरी.

गटाने काम हातात घ्यायचे असेल तर आधी ग्रामसेवकाकडे चौकशी करा की बारव संरक्षित स्मारक आहे का. केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक असेल तर त्याच्या 100 मीटरच्या आत नवे बांधकाम चालत नाही, आणि परवानगीशिवाय एक दगडही हलवायचा नाही. संरक्षित नसेल तर ग्रामसभेत ठराव घ्या आणि पुरातत्त्व विभागाला पत्र द्या. जुन्या पाणवठ्याचा गाळ काढणे रोजगार हमीत बसवता येईल का, तेही विचारा. काम सुरू करण्याआधी चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सांध्यांत उगवलेले वड-पिंपळ उपटू नका, मुळाबरोबर दगड निघतो. बुंध्याशी कापा आणि पुढचे जाणकाराला विचारून करा. खोल, बुजलेल्या विहिरीत वाईट हवा साचलेली असते. तिथे बायकांनी काय, कोणीच अंदाजाने उतरू नये.

गाळात मूर्ती, वीरगळ, लेख असलेला दगड निघाला तर तो घासू नका, तेल-शेंदूर लावू नका, तहसीलदारांना कळवा. नाणी किंवा दागिने मिळाले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते, त्यासाठी 1878 पासून कायदा आहे.

आणखी एक गोष्ट, जी वारशाच्या कौतुकात कोणी सांगत नाही. या पायऱ्या सगळ्यांसाठी नव्हत्या. काही बायका उन्हात काठावर उभ्या राहायच्या, कोणी वरून घागरीत ओतेल तेव्हा त्यांना पाणी. त्यासाठीच 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. गावच्या बारवेची माहिती लिहाल तेव्हा हेही लिहा, आणि ते त्या वस्तीतल्या आजींच्याच तोंडून ऐकून लिहा.

बैठकीत चर्चेसाठी: आपल्या बारवेला गावात काय नाव आहे? ती कोणी बांधली असे जुनी माणसे सांगतात? शेवटचे पाणी कोणत्या साली भरले? तिथे कोणाला उतरू देत नसत? गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या चार बायकांकडे सचिव ताईंनी या महिन्यातच जाऊन यावे, आणि उत्तरे गटाच्या इतिवृत्त वहीत, सांगणारीच्या नावासकट, लिहून ठेवावीत.