ओवीपाशी थांबताना

1. पारायण पुरं झालं की ग्रंथ वाचून झाला, असं मला वाटायचं. ज्ञानेश्वरीची सात दिवसांची पारायणं मी कितीतरी केली. एकदा समाप्तीच्या दिवशी नातीने विचारलं, "आजी, तुला यातलं सगळ्यांत काय आवडलं?" मला एक ओवी सांगता येईना. दुसऱ्या दिवसापासून रोज पाचच ओव्या घेऊ लागले. ओव्या 9,000 च्या आसपास, म्हणजे पाच वर्षांची सोबत.

2. माझं मागणंच चुकत होतं. पोथी उघडताना हात जोडून म्हणायची, "देवा, अर्थ कळू दे." नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात, तिथे मी थबकले. ते सांगायला बसलेच होते. माझंच चित्त स्वयंपाकघरात होतं. आता एवढंच म्हणते, "माझं मन इथे राहू दे."

3. ओवीचं ऐकण्याआधी मी तिला माझंच ऐकवत होते. एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि यात कुणी आपली ओवी घालू नये, असं बजावलं. ओवी मी घातली नव्हती, पण माझा राग, माझी मतं घालत होते. घरात वाद झालेल्या दिवशी प्रत्येक ओवी माझीच बाजू घ्यायची! आता आधी जुन्या शब्दांचा अर्थ बघते, ओवी मोठ्याने म्हणते आणि गप्प बसते.

4. चिंतन खरं तर पोथी मिटल्यावर सुरू होतं. तेराव्या अध्यायात अहिंसा सांगताना कमळावरचा भुंगा येतो. केसर चुरगळेल, या शंकेने तो पाय हळुवार ठेवतो. सकाळी वाचलं, फार गोड वाटलं. दुपारी भांडी घासायला येणाऱ्या बाईंना उशिरावरून बोलले. त्यांचा चेहरा उतरला आणि मला भुंगा आठवला. त्यांची माफी मागितली, तेव्हा ती ओवी मला पहिल्यांदा कळली.

5. न कळण्यालाही पोथीत जागा असते. सहाव्या अध्यायातलं कुंडलिनीचं वर्णन मला अजून उलगडलेलं नाही. अशा ओवीपुढे पेन्सिलीने टिंब देते आणि पुढे जाते. दुसऱ्या वाचनात काही टिंबं खोडली. नवी मात्र जास्त पडली, आणि तीही पहिल्या वेळी सोप्या वाटलेल्या ओव्यांपुढे.