मोटारसायकलचा सायलेन्सर आणि आपला कान

उस्मानपुऱ्यांत सायंकाळीं पायीं जाणाऱ्यास हा आवाज परिचयाचा आहे. संत एकनाथ रंगमंदिराच्या बाजूनें एखादी बुलेट येते. तिची धडधड प्रथम छातीस जाणवते, आणि मग बंदुकीच्या बारासारखा एक आवाज निघतो. हातगाडीवाला दचकतो, आईच्या कडेवरील मूल रडूं लागतें. असाच एक बार गेल्या वर्षीं, दहावीच्या वर्गांत आम्ही ध्वनीचा पाठ शिकवीत असतां, ऐकूं आला. मुलें हंसलीं. एक विद्यार्थी मात्र तासानंतर जवळ येऊन म्हणाला, “सर, माझ्या दादानेंही बुलेटला इंदोरी सायलेन्सर बसविला आहे. त्यानें ताकद वाढते म्हणतो. पण हल्लीं आई बोलली कीं तो सारखा ‘काय? काय?’ करतो, आणि कानांत शिट्टी वाजते म्हणतो. हें त्यामुळेंच असेल का?” घंटा झाली होती, म्हणून आम्हीं त्यास अर्धेंच उत्तर दिलें. उरलेलें येथें देतों.

प्रथम सायलेन्सर काय काम करतो तें पाहूं. फोर-स्ट्रोक इंजिनाची क्रँक दोन फेरे फिरते तेव्हां एकदां इंधन पेटतें. मिनिटास ४८०० फेरे होत असतील तर एका सिलिंडरांत सेकंदास ४० वेळां जाळ होतो, आणि प्रत्येक वेळीं तापलेला वायु दाबानें बाहेर झेपावतो. ह्या धक्क्यांचाच तो आवाज. सायलेन्सरच्या रुंद नळकांड्यांत पडदे व भोंकें पाडलेल्या नळ्या असतात. रुंद जागा मिळतांच वायूचा दाब उतरतो. ध्वनीच्या लहरी पडद्यांवर आपटून उलट फिरतात, एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यांत पडतो आणि दोघीही क्षीण होतात. कांहीं प्रकारांत कांचतंतूंची लोकर भरलेली असते. ती ध्वनीची ऊर्जा शोषून तिची उष्णता करते.

बाजारांत इंदोरी, पंजाबी इत्यादि नांवांनीं ज्या नळ्या विकल्या जातात त्यांत हे अडथळे फारच थोडे असतात. कांहींच्या तोंडाशीं काढतां येणारी एक लहान पुंगळी असते, तिला दुकानांत ‘डीबी किलर’ म्हणतात. तीही पुष्कळ तरुण काढून टाकतात. राहिली ताकदीची गोष्ट. आपल्या शहराजवळ वाळूज येथें १९८५ पासून बजाजच्या गाड्या तयार होतात. तेथील कोणीही जाणता कामगार सांगेल कीं इंजिन, इंधनाचें प्रमाण व सायलेन्सर हीं एकमेकांशीं जुळवून केलेलीं असतात. नुसती नळी बदलल्यानें शक्तींत पडणारा फरक फार लहान; वाढतो तो आवाज, आणि कान त्यासच शक्ति समजतो. शिवाय १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या गाड्यांत विषारी वायु शुद्ध करणारा भाग पुष्कळदां ह्याच नळींत असतो, तेव्हां तोही नळीबरोबर जातो. ‘फटाके’ फोडण्याची युक्ति तर अगदींच पोरकट. चालत्या गाडीची किल्ली क्षणभर बंद केली कीं ठिणगी थांबते, न जळलेलें इंधन तापलेल्या नळींत शिरतें व किल्ली फिरवितांच तेथें पेटतें.

आतां मोजमाप. डेसिबल ह्या शब्दांतील ‘बेल’ म्हणजे टेलिफोनचा संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. त्याच्या आईस ऐकूं येणें फार कमी झालें होतें, पत्नी मेबल बालपणींच्या आजारानें बधिर झालेली, आणि तो स्वतः बधिर मुलांचा शिक्षक होता. आवाजाच्या मापास अशा मनुष्याचें नांव मिळावें हें आम्हांस फार योग्य वाटतें. हें माप गुणाकाराचें आहे: १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट, २० वाढले म्हणजे शंभरपट. १७५ सी.सी.हून मोठ्या मोटारसायकलीस निर्मात्यानें ८० डेसिबलच्या आंत ठेवावें असा दंडक १ एप्रिल २००५ पासून घालण्यांत आला. आवाज १०० वर गेला तर तो थोडा अधिक नव्हे, शंभरपट झाला. अमेरिकेंतील कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबानें ८५ डेसिबलचा आवाज दिवसास ८ तास सोसावा. पुढें दर ३ डेसिबलांस वेळ निम्मी करावी. १०० पर्यंत हा हिशेब करून पाहा: उत्तर १५ मिनिटें येतें.

अंतःकर्णांतील शंखाकृति पोकळींत सुमारें १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात. हाड मोडलें तर सांधतें. मनुष्याच्या ह्या पेशी एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. बहुधा उंच पट्टीचे ध्वनि टिपणाऱ्या पेशी आधीं जातात, म्हणून स, श, फ हीं अक्षरें निसटतात. बोलणें ऐकूं येतें पण शब्द कळत नाहींत. त्या दादाचें ‘काय? काय?’ ह्याच जातीचें असावें असा आम्हांस संशय आला. तथापि कानांतील मळ, इयरफोन, कांहीं औषधें अशींही कारणें असतात. निर्णय वैद्यानेंच करावा.

येथें न्यायाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. मोठा आवाज करणारा प्रत्येक जण उनाड असतो असें नाहीं. इंधन जळतांना पाण्याची वाफ होते; जवळच्याजवळ फिरणाऱ्या गाडीच्या सायलेन्सरांत ती निवून आंतून गंज चढतो व भोंक पडतें. कधीं इंजिनाच्या तोंडाचें पॅकिंग फुटतें. सांध्याशीं काजळी दिसली तर तेंच कारण समजावें. अशा वेळीं त्याच मॉडेलचा कंपनीचा सायलेन्सर घ्यावा. गाडी पूर्ण निवल्यावरच काम करावें. गंजलेल्या नटांस तेल सोडून थांबावें. जोर केल्यास स्टड तुटतो आणि लहान काम मोठें होतें. पॅकिंग नवेंच घालावें. सर्व बोल्ट आधीं हातानें सैल लावावेत, नळी नीट बसली कीं प्रथम तोंडाकडील नट सारखे आवळावेत व मागाहून ब्रॅकेटचे. उलट क्रमानें केल्यास नळीवर ताण राहतो व सांधा पुन्हां गळतो.

पालकांसही दोन शब्द. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें राहत्या वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा व इस्पितळें यांच्या भोंवतींचा १०० मीटरचा परिसर शासनास शांतता-क्षेत्र म्हणून घोषित करतां येतो. २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं नको असलेला आवाज न ऐकण्याचा हक्क प्रत्येकास आहे. मोटार वाहन कायद्यांतील २०१९ च्या दुरुस्तीनें ध्वनीचें मानक मोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊं शकतात. आणि अल्पवयीन मुलाच्या हातीं गाडी दिल्याचा दोष पालकावर येऊन २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. महाराष्ट्रांत अनेक ठिकाणीं पोलिसांनीं जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखालीं चिरडले. तमाशा चांगला होतो. पण नळी विकत आणण्यास पैसे घरूनच मिळतात, हें आम्ही शिक्षक जाणून आहों.

त्या विद्यार्थ्याच्या घरीं मूळचा सायलेन्सर माळ्यावर पोत्यांत गुंडाळून ठेवलेला होता. दिवाळीच्या सुटींत दोघां भावांनीं तो काढून, नवें पॅकिंग आणून, गॅरेजांत बसवून घेतला. दादाची श्रवणचाचणीही झाली. उंच पट्टींत दोन्ही कान उणे निघाले. शिट्टी पूर्वीहून कमी आहे, रात्रीं मात्र ऐकूं येते, असें धाकटा सांगतो. आतां त्यांची आई बोलण्यापूर्वीं समोर जाऊन उभी राहते.